इर्माच्या सातव्याला राजा हवा

२६ फेब्रुवारी १९३३, रविवार

लेओनी, ही वही तुझ्यासाठी आहे, म्हणून सुरुवातीलाच लिहून ठेवते: इर्माला सहा मुलं. सहाही मुलगे. मुलगी एकही नाही. गेल्या नाताळात तू तिच्या “गोड छकुलीसाठी” लेस लावलेलं झबलं पाठवलंस, ते चौथ्याने घातलं आणि कुंपणावर फाडलं. इर्मा ही माझी मुलगी, तू तिची मावशी, तू ओस्टेंडला राहतेस आणि तुझ्या नवऱ्याची मासेमारीची बोट आहे, हेही लिहून ठेवलंय. कधी अडलंच तर पहिलं पान उघड.

मी, तुझी बहीण कोलेता, अक्षरं शिकले नाही, त्यामुळे मी सांगते आणि शेजारची झुल्मा लिहिते. झुल्मा कपडे शिवते. तरुणपणी ब्रुसेल्सला बड्या लोकांच्या घरी कामाला होती, तिथेच तिला अक्षर लागलं, आणि फ्रेंचही. लग्न तेवढं लागलं नाही. (हे लिहू नकोस म्हटलं तर तिने आधीच लिहिलं होतं.) रोज काही घडत नाही, त्यामुळे घडेल त्या दिवशीच लिहायचं असं ठरलंय.

आता मुद्द्याचं. इर्माचे दिवस भरत आलेत. सातवा. आपल्याकडे सलग सात मुलगे झाले आणि मध्ये मुलगी नाही, तर बाप्तिस्म्यात सातव्याचा धर्मपिता खुद्द राजा होतो. मुलाला नावही राजाचंच. राजा स्वतः येत नाही, त्याच्या जागी गावचा सरपंच उभा राहतो. इथेच तर घोडं पेंड खातंय, कारण इर्माला सरपंच दोन.

आमचं गाव एल्झेनबेक नाल्याच्या अलीकडे, तिच्या सासरचं गाव ग्राँप्रे पलीकडे. मध्ये फळ्यांचा पूल, कोंबडीही न थांबता ओलांडेल एवढा. गेल्या वर्षीच्या कायद्याने इकडच्या कचेरीत फ्लेमिश चालायचं, तिकडच्या कचेरीत फ्रेंच. इकडचा सरपंच माझा मुलगा अकिएल. तिकडचे सरपंच इर्माचे सासरे देझिरे, म्हणजे माझे व्याही. कायदा झाला त्याच आठवड्यात इर्माच्या टेबलावर, सशाच्या रश्श्यासमोर, व्याही म्हणाले की फ्लेमिश ही गुरं हाकायची भाषा आहे. अकिएल म्हणाला, फ्रेंच ही मालकाचे बूट पुसायची. ससा तसाच गार झाला. तेव्हापासून दोघांपैकी कुणी पूल ओलांडलेला नाही. अकिएलने तर गुत्त्यात सगळ्यांसमोर शपथ घेतली की मरेपर्यंत तोंडातून एक फ्रेंच शब्द काढणार नाही. लढाईत खंदकात हुकूम फ्रेंचमधून यायचे, आपल्या पोरांना कळायचे नाहीत, आणि न कळल्याने पोरं मरायची. ते त्याच्या मनातून जात नाही. मी त्याला बोल लावत नाही. पण बहिणीच्या चुलीचा धूर आमच्या अंगणातून दिसतो, आणि हा तिकडे पाठ करून दाढी करतो.

७ मार्च

इर्मा बटाट्याचं बियाणं न्यायला आली. मी म्हटलं, “बस, कॉफी घे.” तिने कप उचलला, आणि जरा जपूनच खाली ठेवला. म्हणाली, “आई, आता पूल ओलांडून परत जाणं काही जमणार नाही.”

झुल्माने पाणी तापवलं, सुईण धावत आली, आणि माझ्या स्वयंपाकघरात, कपडे धुवायच्या टबाला टेकून, इर्मा बाळंत झाली. मी आधी बघितलं. मग पुन्हा बघितलं, कारण एवढ्या मोठ्या गोष्टीत घाई नको. मुलगा! मी अशी ओरडले की कोंबड्या छपरावर गेल्या. सुईणीने लगेच डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घातलं, म्हणजे आता चर्चचा मोठा सोहळा सावकाश झाला तरी जिवाला घोर नाही.

तेवढ्यात अकिएल शेतावरून आला. त्याला काही ठाऊक नव्हतं. दारात बूट काढता काढता त्याला बहीण दिसली. गेल्या उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा. इर्माने सरळ पोर त्याच्या हातात दिलं. त्याने पोराच्या पायांवर दुपटं ओढलं. मग म्हणाला, “याला गार लागतंय.” आणि लाकडं आणायला म्हणून बाहेर गेला. टोपलं तर काठोकाठ भरलेलं होतं. बऱ्याच वेळाने परत आला, हात रिकामे.

झुल्माने त्याच्यापुढे कॉफी ठेवली. कप तिच्या हातून सांडला. तिच्या हातून कधी काही सांडत नाही. दमली असेल बिचारी.

९ मार्च

मला वाटलं होतं की या पोराने दोन घरं जोडली जातील. मी तरी कसली भोळी!

अकिएलने बाळाची नोंद आमच्या कचेरीत केली, फ्लेमिशमध्ये. म्हणाला, जन्म इथला, तेव्हा राजाच्या जागी मी उभा राहणार. व्याह्यांचा निरोप आला, फ्रेंचमध्ये: घर इथलं, बाप इथला, आधीचे सहा इथले, तेव्हा मी उभा राहणार. निरोप आणतो आणि नेतो तो माझा जावई ऑक्ताव्ह. त्या बिचाऱ्याने इतक्या खेपा घातल्या की पुलाच्या फळ्या गुळगुळीत झाल्या. काल तो मधेच कठड्यावर बसला होता. म्हटलं, “काय रे, दमलास?”

“नाही हो आई,” तो म्हणाला, “या फळीवर उभं राहिलं की दोघांचंही ऐकू येत नाही. बरं वाटतं.”

आणि गंमत ऐक. वर्षभर आमच्या गुत्त्यात लोक म्हणायचे, राजा त्यांचा, फ्रेंचांचा. तिकडच्या गुत्त्यात म्हणायचे, राजा हल्ली फार फ्लेमिश झालाय. आता दोन्ही गुत्त्यांत टेबलं ठोकताहेत की राजा आमचा. एका पोराच्या लंगोटाने केवढं काम केलं!

२ एप्रिल

आज ब्रुसेल्सहून साहेब आले. दरबारचे. काळी मोटार पुलाजवळ चिखलात अडकली, तेव्हा दोन्ही काठांच्या लोकांनी मिळून ढकलली. निघाल्यावर मात्र सगळे आपापल्या बाजूला परत.

साहेब माझ्याच स्वयंपाकघरात बसले, कारण जन्म तिथला. अकिएल आपल्या कचेरीतून आला. व्याही पुलाच्या मधल्या फळीपर्यंत आले आणि तिथेच थांबले, तेव्हा दार सताड उघडं ठेवून मोठ्याने बोलावं लागलं. साहेब एक वाक्य फ्लेमिशमध्ये बोलायचे, एक फ्रेंचमध्ये, आणि त्यांची आई कुठली हे काही केल्या कळेना. मी विचारलंच, “साहेब, स्वप्नं कुठल्या भाषेत पडतात?”

“बाई, स्वप्नात मी गप्प असतो,” ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं: महाराजांनी आनंदाने होकार दिलाय. बाळासाठी चांदीचा पेला येईल. महाराजांच्या जागी एकच माणूस उभा राहील, कारण राजा एकच. तो कोण, हे तुम्ही ठरवा.

“आम्ही?” मी म्हटलं. “नाण्यावर तोंड त्याचं, पलटण त्याची, आणि दोघांतला एक सरपंच निवडायचा तेवढं त्याला जमत नाही?”

“जमत नाही, असं नाही. करायचं नाही, असं आहे,” साहेब म्हणाले. “त्यांनी एकाला निवडलं, बाई, तर त्या दिवसापासून ते एकाचे होतील.”

“मग राजा करतो तरी काय?”

साहेबांनी कॉफीचा घोट घेतला. आणखी हवी म्हणून कप पुढे केला. राजाच्या वतीने गप्प बसणं हेही बहुधा त्यांचंच काम.

जाताना मात्र दारात थांबून म्हणाले की महाराजांनी गादीवर येताना दोन्ही भाषांत शपथ घेतली होती. तेव्हा जो कुणी उभा राहील, त्याने दोन वाक्यं दोन्ही भाषांत म्हणावीत: या मुलाला मी राजाच्या नावाने आपला मानतो, आणि याच्या पाठीशी उभा राहीन. बस, एवढंच.

एवढंच! माझ्या मुलाने फ्रेंच न बोलण्याची शपथ घेतलीय. माझ्या व्याह्यांना सत्तर वर्षं फ्लेमिशच्या शेजारी राहून “शुभ सकाळ” येत नाही, आणि त्याचा त्यांना अभिमान आहे.

३ एप्रिल

काल दुपारपर्यंत दोघांनाही राजा व्हायचं होतं. आज दोघांनाही नकोय. अकिएल म्हणतो, “त्यांनाच होऊ दे, आई. बघतो फ्लेमिश कसे बोलतात ते.” व्याही म्हणतात तेच, उलट्या बाजूने. ऑक्ताव्ह पुन्हा पुलावर.

इर्मा बाळाला घेऊन आली. अकिएल परसात होता. तिने खिडकीतून त्याला ऐकू जाईल असं म्हटलं, “मला राजा नकोच आहे, आई. पेलाही नको. माझ्या भावाने एकदा माझ्या घरी येऊन जेवावं, एवढंच हवंय. राजा आला तर तो येईल असं वाटलं होतं, म्हणून मी राजा मागत होते.”

बाहेर कुदळीचा आवाज थांबला. पुन्हा सुरू झाला नाही. पण तो आतही आला नाही.

६ एप्रिल

कपडे वाळत घालताना सुचलं, ते लिही झुल्मा.

झुल्माच्या आणि माझ्या अंगणाच्या मधोमध एक खांब आहे. दोन्ही घरांच्या दोऱ्या त्यालाच बांधलेल्या. तो खांब काही करत नाही. वाळवत नाही, धूत नाही, पाऊस आला तर सांगत नाही. माझा आहे की तिचा, हे माझ्या सासूलाही ठाऊक नव्हतं. पण तो उपटा बघू. माझे परकर आणि तिचे पडदे, सगळं चिखलात. आणि समज, तो खांब एक दिवस म्हणाला, “मला कोलेताचे परकर जास्त आवडतात,” तर झुल्मा आपली दोरी सोडेलच की नाही?

साहेबांना कॉफी पाजली ती वाया गेली नाही म्हणायची.

१२ एप्रिल

अकिएलचं मला काही खरं दिसत नाही.

संध्याकाळी शर्यतीसाठी पाळलेल्या पारव्यांच्या माळ्यावर जाऊन बसतो. शर्यतीचे दिवस अजून आले नाहीत, तरी तासन्‌तास. मी शिडीखाली उभी राहिले, तर वरून पुटपुटणं ऐकू येतं. हल्ली माझ्या कानांना पारवे आणि माणसं सारखीच वाटतात. थांबतो, पुन्हा तेच म्हणतो, पुन्हा थांबतो. पारवे उत्तर देतात. एकदा तर पारवा हसल्यासारखं वाटलं, अगदी बाईसारखं. शिवाय हा रविवार नसतानाही दाढी करायला लागलाय. इतकी वर्षं एकटा राहिलेला माणूस, डोक्यावर परिणाम व्हायला किती वेळ लागतो? पाद्र्यांना सांगावं का?

झुल्माशी बोलले. ती म्हणाली, काही काळजी करू नका. तिच्यावर विसंबून राहता येत नाही. ती हल्ली रोज संध्याकाळी माझ्याकडून लवकर निघून जाते, म्हणते कोंबड्या कोंडायच्यात. तिच्याकडे चारच तर कोंबड्या आहेत. एवढा वेळ कसला लागतो कोण जाणे.

१६ एप्रिल, ईस्टर

पोरांनी अंडी शोधली. सहावं पोर एक खाऊन बसलं, टरफलासकट.

इर्मा सांगत होती की तिकडे म्हातारबुवांचंही काहीतरी बिनसलंय. पाळण्याजवळ खुर्ची ओढून बसतात आणि बाळाकडे बघत घशातून आवाज काढतात. “घरघर घरघर, आई. खाकरल्यासारखं. तोच तो आवाज पुन्हा पुन्हा. बाळ जांभई देतं, तर ते चिडतात, आणि पुन्हा करतात.”

“तुला काही म्हणाले?”

“मला म्हणाले, तू खोलीत असताना मला जमत नाही.”

सत्तरी उलटली की असं होतं. आपल्या बापाचं नव्हतं का झालं? तो बदकांना दटावायचा. (तुला आठवत नसेल. मला आठवतं.) एकीकडे माझा मुलगा पारव्यांत, दुसरीकडे व्याही पाळण्यात. दोन्ही गावांचा कारभार बरा चाललाय.

२३ एप्रिल

आज जरा उदास आहे. तेही लिहावं म्हणते.

पाद्री म्हणाले, आता ताणता येणार नाही. सात मेला रविवारी सोहळा उरकायचा, आमच्याच चर्चमध्ये, कारण जन्म इथला. त्या दिवशी राजाच्या जागी कुणी उभं राहिलं नाही, तर ऑक्ताव्हचा चुलतभाऊ, तो खाटीक, धर्मपिता होईल. माणूस चांगला आहे. सॉसेज उत्तम करतो. पण मग राजाला कळवावं लागेल की एल्झेनबेक आणि ग्राँप्रेत मिळून एक माणूस सापडला नाही.

मला काय राजाचं एवढं? मी त्याला कधी पाहिलं नाही, तो मला ओळखत नाही. पण लेओनी, देशातल्या एका टोकाच्या कोळ्याचा सातवा आणि दुसऱ्या टोकाच्या खाणकामगाराचा सातवा, दोघे त्याला सारखेच. कुठल्या भाषेत रडतो, कुणी विचारत नाही. आमच्या पुलावर एवढं एकच काय ते ये-जा करत होतं. ते थांबलं तर मग काय उरलं? ऑक्ताव्ह.

मी अकिएलला विचारलं, “येशील ना रे चर्चला?”

“येईन,” तो म्हणाला.

“आणि उभा राहशील?”

तो टोपी घालून माळ्यावर गेला.

३० एप्रिल

दोन्ही गावांची बँडपथकं सात तारखेला वाजवणार म्हणे. एकाला बोलावलं म्हणून दुसरंही येणार. माझं डोकं आत्ताच दुखायला लागलंय. झुल्मा इर्मासाठी नवा पोशाख शिवतेय आणि स्वतःसाठीही एक. निळा. तिला कोण बघणार आहे, असं विचारलं तर तिच्या सुईने तिलाच टोचलं.

७ मे, रविवार

लेओनी, बस. चष्मा पूस. झुल्मा, तूही नीट लिही.

सकाळी ऊन पडलं. मी लवकर जाऊन चर्चच्या दाराशी खुर्ची टाकून बसले, पाय दुखतात हे निमित्त. समोर पूल. आमचे लोक अलीकडे उभे, त्यांचे पलीकडे, आणि दोघांच्या मध्ये नाला. कुणी हलेना.

मग इर्मा आली. पोर छातीशी, मागे ओळीने सहा, सर्वांत मागे ऑक्ताव्ह. ती पुलावर चढली आणि मधल्या फळीवर थांबून मागे वळून म्हणाली, “मामंजी, चला की. पाय भिजणार नाहीत.”

व्याही आले. कमरेला सरपंचाची काळी-पिवळी-तांबडी पट्टी, मिशा मेण लावून टोकदार. ते आले म्हटल्यावर सगळं ग्राँप्रे आलं. फळ्या अशा करकरल्या की मला वाटलं, सोहळा नाल्यातच होतो. आमच्या बाजूच्या लोकांनी टोप्या काढल्या. बाळासाठी काढल्या असं नंतर सगळे म्हणत होते.

दरबारचे साहेब चर्चच्या पायरीवर उभे. पेला खोक्यात. त्यांनी दोन्ही भाषांत विचारलं, “महाराजांच्या जागी कोण?”

अकिएल पुढे झाला. व्याहीही पुढे झाले. दोघे एकाच क्षणी, एकच पाऊल. आणि दोघे थांबले. दोघांच्या कमरेला तीच पट्टी.  म्हटलं, झालं, पुन्हा ससा गार होणार.

अकिएलने पट्टीची गाठ सोडली. नीट घडी घातली. जवळ झुल्मा होती, तिच्या हातात दिली. आणि म्हणाला, “देझिरे उभे राहतील. ते आजोबा आहेत. मी आज सरपंच म्हणून आलेलो नाही. मामा म्हणून आलोय.”

ऑक्ताव्हने ते बापाला फ्रेंचमध्ये सांगितलं. म्हाताऱ्याच्या मिशीचं एक टोक खाली आलं.

आत गेलो. पाण्याच्या कुंडाजवळ व्याह्यांनी पोर घेतलं. पाद्र्यांचं लॅटिन झालं, मीठ झालं, पाणी झालं. आल्बर्ट नाव ठेवलं. मग साहेबांनी मान हलवली, की आता ती दोन वाक्यं.

आणि व्याही फ्लेमिश बोलले! तेच ते, इर्माचं घरघर घरघर. पाळण्याजवळ बसून डोकं फिरलंय असं आम्ही समजत होतो, आणि हा माणूस पोरापुढे पाठ करत होता! उच्चार असा की जणू तोंडात गरम बटाटा. पण शब्द न शब्द कळला. “या मुलाला मी राजाच्या नावाने आपला मानतो. याच्या पाठीशी उभा राहीन.” आमच्या चर्चमध्ये, आमच्या भाषेत, ग्राँप्रेचे सरपंच! मी मागे वळून बघितलं, कुणी हसतंय का. कुणी नाही. गुत्तेवाला तर खाली मान घालून बुटांकडे बघत होता.

आता उरलं फ्रेंच. त्यांचं स्वतःचं. ते तर पाण्यासारखं यायला हवं. त्यांनी तोंड उघडलं आणि शब्द येईना. एवढे दिवस परक्या वाक्यांचीच धास्ती घेतलेली. आपली वाक्यं कुठे हरवतात, असं धरून चालले होते. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, मिशीचं दुसरं टोकही गेलं. बाळ त्यांच्याकडे टकमका बघतंय.  साहेब खोक्याकडे बघताहेत.

आणि माझ्या शेजारून आवाज आला. फ्रेंच. हळू, पण स्वच्छ. अकिएल!

मला फ्रेंच येतं ते बाजारापुरतं, पण ही दोन वाक्यं मलाही कळली. तो व्याह्यांच्या खांद्यामागे उभा राहून त्यांच्या वतीने बोलत होता. शब्दागणिक म्हातारे मान हलवत होते. शेवटचा शब्द दोघांनी मिळून म्हटला.

साहेबांनी विचारलं, “महाराजांचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं?”

“ऐकलं,” लोक म्हणाले. कुणी या भाषेत, कुणी त्या.

बाहेर पडताना गुत्तेवाल्याने अकिएलची बाही धरली. “काय रे सरपंच, शपथ घेतली होतीस ना? एक फ्रेंच शब्द नाही म्हणून?”

“मी कुठे बोललो?” अकिएल म्हणाला. “राजा बोलला.”

गुत्तेवाल्याने डोकं खाजवलं. मग म्हणाला, “हां. मग बरोबर आहे.” आणि अकिएलच्या पाठीत असा धपाटा घातला की मलाच ठसका लागला.

मग बँड. एल्झेनबेकचं पथक या बाजूला, ग्राँप्रेचं त्या बाजूला, दोघांचे प्रमुख एकमेकांकडे न बघता हात वर करून उभे. दोघांनी एकाच वेळी देशाचं गीत सुरू केलं. त्यांचं जरा पुढे, आमचं जरा मागे. लोक गायला लागले. शब्द इकडचे वेगळे, तिकडचे वेगळे, चाल एक. तिसऱ्या ओळीपर्यंत त्यांचा ढोलवाला आमच्यासाठी थांबला आणि आमचा तुतारीवाला पळत त्यांना गाठायला गेला, आणि मग, लेओनी, मग ते जुळलं! झाडांवरचे कावळे उडाले. पाद्री गात होते. साहेब गात होते, आणि कुठल्या भाषेत ते मी मुद्दाम कान लावून ऐकलं, तर प्रत्येक ओळ बदलत होते. मी उभी राहून गायले. खुर्ची कुणी नेली तेही कळलं नाही.

आणि अकिएल पूल ओलांडून गेला. बहिणीचा हात धरून, पोर दुसऱ्या हातावर. मधल्या फळीवर थांबलाही नाही.

८ मे

घसा बसलाय. झुल्माचाही. ती कधी गायली, मी तर बघितलं नाही; अकिएलने बघितलं म्हणे.

त्याला विचारलं, “फ्रेंच शिकवलं कुणी तुला?”

“पारव्यांनी,” तो म्हणाला, आणि लाल झाला. मी काही खोलात गेले नाही. परदेशातून उडत येणारे पारवे, त्यांना चार भाषा येत असल्या तर नवल काय. डोकं ठिकाणावर आहे एवढं कळलं, पुरे झालं.

चांदीचा पेला इर्माच्या कपाटावर ठेवलाय. दोन्ही गावांचे लोक रांगेने बघून जातात. व्याही दाराशी उभे राहून प्रत्येकाला आपली फ्लेमिश वाक्यं म्हणून दाखवतात. ग्राँप्रेच्या लोकांना कळत नाहीत, तरी ते टाळ्या वाजवतात.

येत्या स्वर्गारोहणाच्या सणाला, २५ तारखेला, सगळे इर्माकडे जेवायला. दोन्ही घरं. अकिएलने स्वतःहून हो म्हटलं. झुल्मालाही बोलावलंय; तिच्या कोंबड्यांचं काय, असं मी म्हटलं, तर अकिएल म्हणतो, सकाळी मीच बघून येईन. बघ, किती मदतीचा झालाय.

आता तुझ्याकडे काम. माझा मुलगा आणि माझे व्याही त्या दिवशी समोरासमोर बसणार. दोघांना एकमेकांच्या भाषेतली दोन दोनच वाक्यं येतात, आणि ती काल वापरून झाली. रश्श्याचा नुसता विचारही नको. रश्श्यासमोर माणसाचे हात रिकामे राहतात, आणि बोलायला फार वेळ मिळतो. तेव्हा आदल्या दिवशीच्या गाडीने बोटीवर उकडलेल्या त्या बारीक करड्या कोळंब्या पाठव, मोठी टोपली भरून, वर ओलं गोणपाट घालून. आणि लेओनी, हे तेवढं विसरू नकोस: सोललेल्या पाठवू नकोस. एकही नाही.